व्होल्टेज चांगलं होतं

अशोक गेला तेव्हा व्होल्टेज चांगलं होतं. हे मी सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण गेले काही आठवडे माझ्याकडं गल्लीतली माणसं हेच विचारायला येतात. सरळ कोणी विचारत नाही. चहा पितात, सुनंदाची चौकशी करतात, उन्हाळ्याला शिव्या घालतात, आणि उठता उठता दारात चपला शोधत म्हणतात, "अक्का, त्या टायमाला... मोटारी तर चालू नव्हत्या ना?" नव्हत्या. त्या दिवशी पाण्याची पाळीच नव्हती. दुपार होती, लाइट होती, मशीन चालू होतं, डोक्यावर पंखा जोरात फिरत होता. माझा धाकटा भाऊ त्याच्या आजारानं गेला. त्याची फुफ्फुसं कडक होत गेली होती आणि त्याला औषध नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. कोणाच्या मोटारीमुळं तो गेला नाही. आता हे छापून आलं म्हणजे तरी पटेल सगळ्यांना, अशी आशा आहे.

माझं घर त्याच्या घरापासून दोन दारं सोडून. मी अंगणात शेंगदाणे पाखडत बसले होते आणि फाटकाशी सुनंदा, म्हणजे त्याची बायको, येऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. "अक्का, या बरं जरा," एवढंच म्हणाली. त्या आवाजावरूनच मला समजलं. आत गेले तर अशोक उशीला टेकून बसल्यासारखा होता, नाकाला नळी तशीच, आणि कोपऱ्यातलं ऑक्सिजनचं मशीन आपलं फुस्स... फुस्स करत हवा सोडतच होतं. आम्ही दोघी त्याच्या उशाशी बसून राहिलो. किती वेळ कोण जाणे. आमच्यापैकी कुणाचाही हात त्या मशीनच्या बटणाकडं गेला नाही. शेवटी रज्जाकभाई आले, अशोकचे जुने दोस्त, चौकात त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्यांनी डोळे पुसले आणि वाकून मशीन बंद केलं. खोली एकदम गप्प झाली, तेव्हा मला रडू फुटलं.

ज्या माणसानं अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या घरातली बटणं बंद करण्यात घालवलं, त्याच्या खोलीतलं शेवटचं बटण दुसऱ्याला बंद करावं लागलं. असो.

अशोक चितेगावच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता. तिथं कधीतरी वीज वाचवायची मोहीम निघाली. बाकीच्यांनी फलक लावले, फोटो काढले आणि विसरून गेले. आमचे हे महाराज ती मोहीम डब्यासोबत घरी घेऊन आले. तेव्हापासून तो कुणाच्याही घरी गेला की आधी भिंती चाचपायचा. टीव्हीखालची ती काळी डबी, मोबाइलचा चार्जर, फ्रीजची बाजू, सगळ्याला उलटा हात लावून बघायचा, लेकराचा ताप बघावा तसा. डबी गरम लागली की म्हणायचा, "बघा, टीव्ही बंद हाये, तरी खातंय हे." त्याच्या मुलीचं स्थळ बघायला गेलो होतो तिथंसुद्धा त्यानं व्याह्यांच्या फ्रीजला हात लावला. "भिंतीपासून जरा पुढं ओढा, पाव्हणं, मागून वारा लागंना त्याला." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण व्याही उठले, दोघांनी मिळून फ्रीज ओढला, आणि लग्न जमलं ते जमलंच.

घरात त्याचा एक ठरलेला सवाल होता. रिकाम्या खोलीत दिवा किंवा पंखा चालू दिसला की तो दारात उभा राहून मोठ्यानं विचारायचा, "आत कोण आहे?" आतून ओ आली तर ठीक. नाही आली तर बटण बंद. लेकीला, सुनंदाला, मला, पाहुण्यांना, सगळ्यांना हा सवाल. मी कितीदा म्हणलं असेल, "अरे, दिसतंय ना कोणी नाही, मग विचारतोस कशाला भुतासारखं?" तर म्हणायचा, "विचारून बंद केलेलं बरं असतं, अक्का. माणूस पलंगाच्या पल्याड बसलेलं असतंय कधी कधी." माझ्या अंगावर त्यानं एकदा असाच अंधार केला होता, म्हणून ही खबरदारी.

त्याचा सगळ्यात मोठा पचका झाला तो जयंतीला. आमच्या गल्लीत जयंती म्हणजे एकच, आणि तिची रोषणाई विहारापासून थेट हर्सूलच्या रस्त्यापर्यंत. नुकतीच ती मोहीम डोक्यात शिरली होती त्याच्या. मंडळाच्या बैठकीत हा उठला आणि म्हणाला की यंदा हॅलोजन कमी लावू, माळा निम्म्या करू, विजेची किती बचत होईल बघा. पोरांनी आरडाओरडा केला. पण त्यांच्या आरडाओरड्यानं हा बसणारा नव्हता. बसला तो आमच्या आईमुळं. आई विहाराच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "अश्या, माझ्या बापाच्या घरात रॉकेलची चिमणी बी उसनी आणावी लागायची. आता कुठं उजेड आलाय आपल्याकडं. आन तू त्योच कमी करतो व्हय रं?"

तो घरी येऊन जेवलासुद्धा नाही नीट. पण पुढच्या जयंतीच्या आधी त्यानं रज्जाकभाईंना सोबत घेतलं, दोघांनी मिळून एलईडीच्या माळा जमवल्या, आणि रोषणाई आधीपेक्षा दुप्पट लांब केली. वीज लागली कमीच. आईला हाताला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आणलं. त्यानंतर तो कुणालाही "कमी करा" असं कधी म्हणाला नाही. "तेवढंच ठेवा, पण कमी खाणारं लावा," असं म्हणायला लागला. माझ्या मते त्याचं खरं काम त्या दिवशी सुरू झालं. लोक त्याचं ऐकायला लागले. विहारात पौर्णिमेला वंदना झाली की हा टेबलावर दोन बल्ब लावून दाखवायचा, बायकांना उलटा हात लावायला सांगायचा. बायका हसायच्या, पण घरी जाऊन बल्ब बदलायच्या.

आई मात्र शेवटपर्यंत वस्ताद. घरातले सगळे पंखे त्यानं बदलून कमी विजेचे बसवले. आईच्या खोलीतला जुना, जाडजूड, घरघर करणारा पंखा बदलायला स्टूल घेऊन गेला तर आई म्हणाली, "याला हात लावायचा नाय. ह्यो माझ्या सवयीचा हाये." तो पंखा राहिला. आई गेल्यावरही राहिला. अशोक त्याला "उधळ्या" म्हणायचा, येता जाता त्याच्याकडं बघून जीभ काढायचा, पण त्याला काढायची हिंमत काही त्याची झाली नाही.

आता त्या मोटारींचं सांगते. बाहेरगावच्या वाचकांना आमच्या शहराचं पाणी समजायचं नाही. इथं नळ रोज येत नाही. आठवड्यानं येतो, दुष्काळ असला की त्याहून लांबतो, आणि आला की तासभर टिकला तर नशीब. त्या दिवशी कुणी लग्नाला जात नाही, कुणी दवाखान्याची वेळ घेत नाही. आणि नळाला पाणी आलं रे आलं की लोक थेट नळालाच मोटार जोडतात आणि पाणी ओढून गच्चीवरच्या टाकीत चढवतात. एकानं ओढलं की शेजारच्याचं पाणी जातं, म्हणून तोही लावतो. मग सगळी गल्ली एकदमच ओढायला लागते. पाणी कुणालाच पुरेसं नाही, दिवे पिवळे पडतात आणि मोटारी जळतात.

अशोकनं यावर जे केलं ते त्याच्या सगळ्या कामातलं मला सगळ्यात मोठं वाटतं. त्यानं दारोदार जाऊन सांगितलं की प्रत्येकानं दारासमोर खड्डा करा, नळ खाली घ्या, जमिनीखाली हौद बांधा. पाणी आपल्या जोरानं हौदात पडेल. मग दिवसभरात सवडीनं, एकामागून एक, मोटारी लावून वर चढवा. आधी हौद, मग मोटार. लोकांना पटायला वेळ लागला. हा रविवारी स्वतः कुदळ घेऊन खड्ड्यात उतरायचा. टोकाच्या घरातली कमलबाई, जिच्या नळाला कधी धड पाणीच येत नसे, तिच्या हौदात पहिल्यांदा पाणी पडलं तेव्हा तिनं याच्यावरून लिंबलोण उतरवून टाकलं. काही वर्षं आमच्या गल्लीत नळाच्या वेळेला मोटारीचा आवाज नसायचा. हौदात धार पडल्याचा आवाज यायचा. दुसऱ्या वसाहतीतली माणसं बघायला यायची.

मग शहर वाढत गेलं. बिडकीनकडं कारखाने आले, माणसं आली, गल्लीतल्या घरांवर मजले चढले, भाडेकरू आले, तोंडाशी दोन मोठ्या इमारती झाल्या. नळाची लाइन तीच. त्यात पाऊस रुसला. हर्सूलच्या तलावात भेगा पडल्या, त्यात पोरं क्रिकेट खेळायला लागली. नळाला जोर राहिला नाही, हौदाच्या तळाशी पाणी नुसतं ओलं करून जायचं. एका पाळीला गल्लीत थेट नळालाच एक मोटार लागली. कोणी लावली ते सगळ्यांना माहीत आहे. मी नाव लिहिणार नाही, त्या घरात बाळंतीण होती. पुढच्या पाळीला आणखी काही लागल्या आणि त्याच्या पुढच्या पाळीला सगळ्याच. अशोक फाटकात उभा राहून ऐकत होता. मला वाटलं आता हा भांडायला निघणार. तर म्हणाला, "कोणाला काय म्हणावं, अक्का? मी तरी कुठून पाणी आणून देऊ?" त्याला मी कधी इतकं थकलेलं बघितलं नव्हतं. पुढं समजलं, तेव्हाच त्याला दम लागायला सुरुवात झाली होती.

आजार वाढला आणि ते मशीन घरात आलं. ते आईच्या खोलीत ठेवलं, कारण तीच खोली मोठी आणि हवेशीर. नाकात नळी घालून तो पलंगावर बसला, आणि पहिली गोष्ट काय केली असेल? वाकून मशीनला उलटा हात लावला. "लई खातंय हे." मी म्हणलं, "खाऊ दे मेल्याला. जन्मभर वाचवलीस ना वीज, आता तुझ्यासाठी खर्च होऊ दे." तो हसला, आणि हसल्यामुळं त्याला खोकला आला. मग आम्ही त्याला हसवायचंच बंद केलं.

त्याच्या गच्चीवर सोलारचे पॅनल आहेत. आमच्या भागातले पहिले त्याचेच. पण ते लाइनला जोडलेले. वरची वीज लाइनमध्ये जाते, लाइनची खाली येते. लाइट गेली की पॅनल आपोआप बंद पडतात. तसंच असावं लागतं, नाहीतर वरची वीज बाहेरच्या तारेत उतरते आणि खांबावर चढलेला माणूस चिकटतो. बॅटरी ठेवायला त्याचा पहिल्यापासून विरोध. बॅटरीत शिसं असतं, दर काही वर्षांनी ते कुठं फेकणार, म्हणायचा. लोकांना त्यानं हेच शिकवलं होतं. आता बघा काय झालं ते. भर उन्हाळ्यात लाइट जायची. वर ऊन असं की गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, पॅनल तळपत आहेत, आणि खाली ह्याचं मशीन बंद. आम्ही बॅटरीचं इन्व्हर्टर घेऊन आलोच, पण त्या मशीनपुढं ते थोडाच वेळ टिकायचं. मग ऑक्सिजनचा सिलिंडर.

अशाच एका दुपारी लाइट गेली ती येईचना. सुनंदा सिलिंडरची किल्ली फिरवत होती. रज्जाकभाई पळत आले. वर बघून म्हणाले, "अशोकभाई, इत्ती धूप है ऊपर. मैं अब्बी के अब्बी वायर डाल के पॅनल चालू कर देतूं. किसको मालूम पडता?"

अशोकनं मान हलवली. "नक्को." थोडा दम घेतला. "लाइट कशानं गेली... माहीत नाय. कोणी खांबावर असंल तर?"

"अरे, कोई नहीं चढा रहता इत्ती गर्मी में!"

"चढावंच लागतं, रज्जाकभाई. मी चढलोय."

मी चिडले. अशी चिडले की विचारू नका. म्हणलं, "अश्या, तुझ्या छातीचा भाता झालाय आणि तुला त्या खांबावरच्या माणसाचं पडलंय? तो तुझा कोण लागतो?" तो डोळे मिटून बसला. रज्जाकभाई वायरची गुंडाळी हातात घेऊन तसेच उभे राहिले, मग भिंतीला पाठ टेकून खाली बसले. लाइट येईपर्यंत ते तसेच बसून होते. वर ऊन तसंच सांडत होतं. इतकी लाचार दुपार मी माझ्या उभ्या जन्मात बघितली नाही.

पण लाइट जाण्यापेक्षा पाण्याचा दिवस वाईट. नळ आला की सगळ्या मोटारी एकदम लागायच्या, व्होल्टेज खाली जायचं, आणि मशीन टीं टीं करून ओरडायला लागायचं. अशोक पलंगावरून वरच्या उधळ्याकडं बघत बसायचा. घरातले बाकीचे नवे पंखे एकसारखे फिरत असायचे. हा जुना तेवढा व्होल्टेज उतरलं की हळू व्हायचा, आणि त्याच्याकडं बघून अशोक सांगायचा, "ही विहाराशेजारची लागली... ही आता वरच्या मजल्याची... आन ही कमलबाईची." एकेक मोटार त्याला पंख्यावरून समजायची. आणि मग पाती मोजता येतील इतका पंखा हळू झाला की मशीन दम टाकायचं. सुनंदा दारात तयारच असायची, धावत जाऊन सिलिंडर सुरू करायची.

गल्लीला हे समजलं. कमलबाई आणि चार बायका आल्या, दारातच उभ्या राहिल्या. कमलबाई म्हणाली, "दादा, आम्ही ठरवलंय. आधी अलीकडची घरं लावतील, मग पलीकडची. सगळ्या एकदम नाय लावायच्या." पुढच्या पाळीला त्यांनी खरंच तसं केलं. पंखा फार हळू झाला नाही, मशीन ओरडलं नाही. सुनंदानं हात जोडले. पण अलीकडच्यांचं भरून होईपर्यंत नळाचा जोर संपला. पलीकडच्यांना पाणी मिळालंच नाही. संध्याकाळी कमलबाई खांद्यावर रिकामी कळशी घेऊन त्याच्या खिडकीसमोरून गेली, टँकरकडं. तिनं आत बघितलंसुद्धा नाही. तिच्या मनात काही नव्हतं, ती बिचारी आपली चालली होती. पण अशोकनं तिला बघितलं.

मला म्हणाला, "अक्का, सांग सगळ्यांना. चालवू दे मोटारी."

"आणि तू?"

"मी राहतो... सिलिंडरवर तासभर."

"सिलिंडर संपला तर? भरायला दिलेला वेळेवर आला नाही तर? अरे, तूच ना सांगत होतास अख्ख्या गल्लीला, मोटारी लावू नका म्हणून!"

"तवा हौदात पाणी पडत हुतं," तो म्हणाला. मग बराच वेळ श्वास जमवत राहिला... "आता पडंना, अक्का. पाणी तर भरू दे त्यांना."

मी सांगायला गेले. प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, "अशोक म्हणतो, मोटारी लावा." ज्या दारांत त्यानं वर्षानुवर्षं उलटं सांगितलं होतं, त्याच दारांत. बायका खाली बघत होत्या. पाळी आली तेव्हा आधी एक मोटार भीत भीत लागली, मग सगळ्या लागल्या. काय करणार होतो आम्ही? कुणाला दोष देणार? मी शाळेत जन्मभर शिकवलं, प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं असं पोरांना सांगितलं. ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ह्याला श्वास हवा आणि त्यांना पाणी, आणि तार एकच.

तो गेल्यावर केलेल्या जलदान विधीच्या दिवशी नेमकी पाण्याची पाळी आली. विहारात वंदना चालू होती आणि नळ आले. गल्लीत एकही मोटार लागली नाही. कोणी ठरवलं नव्हतं. आम्ही सगळे बसलो होतो, बाहेर खड्ड्यांतल्या नळांना करंगळीएवढी धार होती, हौदात टप टप पडत होती, आणि वंदना संपायच्या आत तीही थांबली. त्या पाळीला गल्लीच्या टाक्या कोरड्या राहिल्या. लोकांनी टँकरवर दिवस काढले. पुढच्या पाळीला मोटारी लागल्या. लागायलाच हव्या होत्या. मी स्वतः माझी लावली.

परवा पाण्याच्या दिवशी मी सुनंदाकडं होते. मशीन परत गेलं आहे, सिलिंडरही नेला, कोपऱ्यात फरशीवर त्याचा गोल डाग तेवढा राहिला आहे. आईच्या खोलीत कोणी नव्हतं आणि उधळ्या फिरत होता. सुनंदा तो दिवसभर चालू ठेवते. मी दारातून जात होते, आणि इतक्या वर्षांची सवय, माझा हात बटणाकडं गेला आणि तोंडातून निघून गेलं, "आत कोण आहे?"

तेवढ्यात बाहेर नळ आले. पहिली मोटार लागली, मग दुसरी, मग तिसरी, आणि पंखा हळू व्हायला लागला. कुठली मोटार कुणाची ते मला काही समजलं नाही. पाती दिसायला लागली तशी स्वयंपाकघरात पातेलं आदळल्याचा आवाज झाला आणि सुनंदा पिठाचे हात घेऊन धावत आली. मला ढकलून सरळ कोपऱ्यात गेली, वाकली, किल्लीसाठी हात पुढं केला... आणि तशीच थांबली.

मी तिला उठवलं. ती त्या पंख्याकडं बघत होती. मी परत दाराशी येऊन बटणावर हात ठेवला.

"राहू द्या, अक्का," ती म्हणाली.

आम्ही दोघी पलंगावर बसलो. मोटारी एकेक करून बंद झाल्या, पंख्यानं पुन्हा जोर धरला. मग ती पोळ्या करायला गेली आणि मी घरी आले. पंखा आम्ही चालूच ठेवला.